दिगंबरभाऊंचा सुपर कप

मैदानावर जे सगळ्यांना दिसतं आहे, तेच माइकवरून पुन्हा सांगायची दिगंबरभाऊंना सवय होती. फुटबॉल सामन्याचं वर्णन करणारे इतर लोक चेंडू कोणाकडे आहे एवढं सांगतात. दिगंबरभाऊ सांगायचे की निळ्या जर्सीच्या गोलकीपरने मोजे खाली ओढले आहेत, कॉर्नरजवळचं गवत करपलं आहे, पाण्याच्या टाकीमागून ढग येतो आहे आणि पलीकडच्या कठड्यावर कोणीतरी शेंगदाण्याची पुडी सोडली आहे.

मी भिलाईत नवा होतो. रिसालीच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक म्हणून लागलो होतो आणि सुट्टीच्या दिवशी पोलाद कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टरांच्या सामन्यांना रेफरी म्हणून उभा राहायचो. पहिल्याच सामन्यात माझ्या बुटाची नाडी सुटली. खेळ थांबवून मी खाली वाकलो, तर भोंग्यातून खणखणीत आवाज आला, "रेफरी साहब जूते का फीता बाँध रहे हैं. बायाँ पैर." सगळं मैदान हसलं. मध्यंतरात मी तणतणत त्यांच्या टेबलापाशी गेलो. माझं नाव विचारून, मराठी आहे हे कळल्यावर त्यांनी माइकवर हात ठेवला आणि म्हणाले, "राग नको मानू, प्रकाश. ते तुह्यासाठी नव्हतं. खेळ कावून थांबला, ते कुसुमले सांगून राहिलो होतो."

त्यांच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर एक बाई बसल्या होत्या. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, आणि चेहरा मैदानाकडे नाही, दिगंबरभाऊंच्या तोंडाकडे. त्या कुसुमवहिनी, त्यांची बायको. साखरेच्या आजाराने ऐन चाळिशीत त्यांची दृष्टी नेली होती.

"मनावर नका घेऊ भाऊ," त्या मला म्हणाल्या. "घरी दूध उतू गेलं तरी हे असंच सांगतात."

त्या दिवसापासून मला त्यांच्या बोलण्याचा कधी राग आला नाही. इतकी माणसं ते ऐकत, पण ते सगळं एका खुर्चीसाठी असायचं.

दिगंबर लांजेवार यांचे वडील कारखाना उभा राहत होता तेव्हा भंडाऱ्याकडून मजुरीला आले आणि इथलेच झाले. दिगंबरभाऊ कारखान्यात क्रेन चालवत. आत इतका आवाज की खालचा माणूस हाताने खूण करणार आणि वरचा त्याप्रमाणे उचलणार, ठेवणार. "पाळीभर तोंड उघडाचं कामच नाही," ते म्हणायचे, "म्हनून बाहेर आलो की बंदच होत नाही." बाजारात जाताना वहिनींचा हात त्यांच्या कोपराला असायचा आणि त्यांचं चालू असायचं. सिविक सेंटरला कोणत्या दुकानाची पाटी बदलली, भेळवाल्याने नवी छत्री लावली, समोरून येणाऱ्या सुनेने सासूपेक्षा चांगली साडी नेसली आहे. वहिनी मध्येच हसू दाबून म्हणायच्या, "हळू बोला जी, ऐकू जाईन तिले."

मध्यंतरात भोंग्यावर गाणी लावायची पद्धत होती. त्याऐवजी दिगंबरभाऊ सुपर कपची गोष्ट सांगत. देशातल्या फुटबॉलमध्ये सुपर कप कसा सुरू झाला, हे मी त्यांच्याच तोंडून इतक्यांदा ऐकलं की मला ते त्यांच्याच शब्दांत आठवतं. "लीग जिंकाची म्हंजे महिनेच्या महिने खेळा लागते. कपमध्ये एक दिवस हरला का घरी. आता लीगवाला म्हनते मी मोठा, कपवाला म्हनते मी मोठा. मंग ठरलं, या दोघंही समोर. एकच सामना. काय ते एका संध्याकाळी होऊन जाऊ द्या." ही कल्पना त्यांना फार आवडायची. दोघंही आधीच जिंकलेले, तरी एकाला हरावंच लागणार.

त्यांनी स्वतः तो सामना एकदाच पाहिला होता, कोलकात्याला, वहिनींना बरोबर घेऊन. वहिनींना तेव्हा दिसत होतं. मुलगी वैशाली अजून लहान होती, तिला आजीकडे ठेवलं होतं. वहिनींना त्या संध्याकाळचं सगळं आठवायचं. गॅलरीत पंख्यांसारखे हलणारे झेंडे, हरलेल्या संघाच्या कप्तानाने तोंडावर ओढून घेतलेली जर्सी. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला मोठा सामना तो एकच.

पुढे वहिनींची नजर गेली आणि काही वर्षांनी सुपर कपही बंद पडला. कोणी जाहीर केलं नाही, कसला समारोप झाला नाही. एका वर्षी झाला नाही, मग पुढच्याही वर्षी झाला नाही. दिगंबरभाऊ भेटेल त्याला विचारत, पण कोणालाच नक्की माहीत नव्हतं. "बंद कराचा होता तर सांगाचं तरी होतं," ते म्हणाले. "मानूस वाट पाहत बसते ना." मग त्यांनीच आमच्याकडे तो सुरू केला. सेक्टरांची लीग जिंकणारा संघ आणि रिसालीच्या मैदानावरची बाद फेरीची स्पर्धा जिंकणारा संघ, यांचा वर्षातून एक सामना. शिट्टी माझी, माइक त्यांचा. नंदिनी गावच्या खाणीकडूनही लोक बघायला यायचे. कपाला चकाकी फार नव्हती, पण कोण मोठा हे त्या संध्याकाळी ठरायचं आणि वर्षभर कोणी वाद घालत नसे.

बऱ्याच वर्षांनी देशाचा सुपर कप परत आला. आता तो एका सामन्याचा राहिला नव्हता, पुष्कळ संघ, बाद फेरी, मग अंतिम सामना. लोक म्हणाले, हा तो नव्हेच. दिगंबरभाऊ निवृत्त झाले होते. ते म्हणाले, "परत आला ना? मंग त्याले नावं ठेवाचं काम नाही." सामने शेजारच्या ओडिशात, भुवनेश्वरला होते. दुर्गहून गाडी धरून आम्ही तिघं गेलो.

त्या गॅलरीत माइक नव्हता. दिगंबरभाऊंनी वहिनींच्या कानाशी तोंड नेलं आणि पहिल्या शिट्टीपासून सांगायला लागले. भोवती ढोल, आरोळ्या. त्यावर आवाज चढवायला गेले की तो फाटत होता. घसा खाकरून ते पुन्हा सुरू करायचे. पुढच्या रांगेतल्या एका माणसाने त्रासून मागे पाहिलं. वहिनींच्या डोळ्यांकडे लक्ष गेलं तसा तो सरकून बसला. सामना संपेपर्यंत दिगंबरभाऊंचा आवाज घोगरा होऊन नुसता वारा यायला लागला होता. परतीच्या गाडीत वहिनी म्हणाल्या, "कोलकात्यापेक्षा हे गवत जास्त हिरवं होतं, नाही?" दिगंबरभाऊंनी मान डोलावली, आणि मग वहिनींना ते दिसत नाही हे लक्षात येऊन कसंबसं "हो" म्हणाले.

आवाज बसला आहे, बरा होईल, असंच आम्ही समजत होतो. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं. क्रेनवर असताना ते तंबाखू-सुपारीचा खर्रा खायचे, पण सोडूनही बरीच वर्षं झाली होती. शेवटी वैशाली नागपूरहून आली आणि आम्ही त्यांना रायपूरच्या डॉक्टरांकडे नेलं. घशात कर्करोग होता. आधी किरणांचा उपचार झाला. थोडे दिवस आवाज सुधारला, मग पुन्हा गेला. डॉक्टरांनी मग शांतपणे सांगितलं की स्वरयंत्र काढून टाकावं लागेल. श्वास गळ्यातल्या छिद्रातून चालेल, जीव वाचण्याची आशा आहे, बोलणं मात्र संपेल.

दिगंबरभाऊ नाही म्हणाले. मी समजावलं, वैशाली रडली, ते ऐकेनात. आमचा सेक्टरचा सामना होऊ द्या, दिवाळी होऊ द्या, असं पुढे ढकलत राहिले. एका संध्याकाळी मी त्यांच्या क्वार्टरच्या अंगणात बसलो होतो. वहिनी तांदूळ निवडत होत्या, खडे त्यांना बोटांनीच कळायचे. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं, "ऑपरेशन कावून नाही करत तुम्ही?"

"मंग तुले सांगन कोन?" दिगंबरभाऊ म्हणाले. आवाज इतका खरवडलेला होता की मलाही पुढे वाकून ऐकावं लागलं.

"नाही सांगनार कोनी," वहिनी म्हणाल्या. "नाही कळनार मले, काय होते? तुमचा हात लागला तरी पुरते. तुम्हीच नसान, तर मी कोनाच्या बाजूले बसू?"

दिगंबरभाऊंनी बाजूचं सूप उचलून पुन्हा त्यांच्या मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "बरं."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन रुग्णालयात गेलो. ते पलंगावर, वहिनी शेजारी स्टुलावर. थांबत थांबत ते वहिनींना सांगत होते, जे जे राहून गेलं होतं ते सगळं. वैशालीची हनुवटी आता अगदी वहिनींसारखी दिसते. घराची पुढची भिंत पिवळी झाली असं त्यांनी वहिनींना सांगितलं होतं, पण रंगाऱ्याने ती जरा कच्च्या लिंबासारखी हिरवट केली होती. मी बाहेर जायला वळलो तर त्यांनी हातानेच थांब म्हटलं.

"तुह्या केसात पांढरं आलं आहे," ते वहिनींना म्हणाले. "कानाजवळ जास्त. मी सांगतलं नव्हतं."

"माहीत आहे मले," वहिनी म्हणाल्या. "हाताले खरखर लागते."

"चांगलं दिसते."

वहिनींनी त्यांच्या गळ्यावर हात ठेवला आणि ते बोलत होते तोवर तिथेच राहू दिला.

ऑपरेशन होऊन घरी आल्यावर वैशालीने एक यंत्र आणून दिलं. गळ्याला लावलं की त्यातून शब्द उमटत. दिगंबरभाऊंनी ते हौसेने लावलं आणि पहिलाच शब्द म्हणून बायकोचं नाव घेतलं. सपाट, लोखंडी आवाज निघाला. वहिनी दचकून उभ्या राहिल्या. "कोन आहे घरात?" त्यांनी विचारलं. वैशालीने समजावलं, वहिनींनी लगेच स्वतःला सावरलं, "चालते जी, सवय होईन" असंही म्हणाल्या. पण दिगंबरभाऊंनी यंत्र डब्यात ठेवलं आणि पुन्हा काढलं नाही.

मग ते वहिनींच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढायला लागले. वहिनी सातवीपर्यंत शिकलेल्या. सुरुवातीला एक शब्द समजायला फार वेळ लागे, मग जमायला लागलं. चहा. पाऊस. प्रकाश आला. क्रेनच्या खुणा इथे काही कामाच्या नव्हत्या, कारण खुणेला बघणारं कोणी लागतं.

त्या वर्षीच्या आमच्या सुपर कपला ते दोघं आले. माइकवर स्पर्धेच्या कमिटीने दुसरा माणूस बसवला होता. तो चांगला होता, चेंडू कोणाकडे आहे ते नीट सांगत होता. दिगंबरभाऊंनी वहिनींचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि लिहायला लागले. मी मैदानात होतो, तरी माझी नजर तिकडे जात होती. खेळ बोटापेक्षा वेगाने चालतो. ते एक शब्द पुरा करेपर्यंत चेंडू दुसऱ्या टोकाला. त्यांचं बोट भराभर फिरत होतं, पुसल्यासारखं करून पुन्हा लिहीत होतं. वहिनी मान हलवून विचारत होत्या, "कोन? काय?" गोल झाला, लोक उठले. ते अजून त्याच्या आधीचंच लिहीत होते. मग त्यांनी लिहिणं थांबवलं, वहिनींची बोटं मिटवली आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून बसून राहिले.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्याचं मला नंतर कळलं. "लोकाइच्या आवाजावरून समजते मले."

पुढच्या वर्षी ते यायच्या स्थितीत नव्हते. आजार मानेच्या गाठींत परत आला होता. आमचा सामनाही त्या वर्षी झाला नाही. मी तारीख विचारायला कमिटीत गेलो तेव्हा ती ठरवायचं कोणाच्याच मनात आलं नव्हतं. मी हे दिगंबरभाऊंना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. शेवटच्या दिवसांत बोट उचलायचंही त्राण उरलं नव्हतं. वहिनी त्यांचा हात आपल्या हातावर ठेवून बसत. तो हलला की "काय म्हनता?" असं विचारत, आणि उत्तर येईपर्यंत थांबत.

उन्हाळ्यात, सकाळच्या चहाच्या वेळी ते गेले.

मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. कारखान्यातले जुने सोबती, खेळाडू, शेजारपाजार. बायका वहिनींना धरून होत्या, कोणी रडत होतं, कोणी सांत्वन करत होतं. वैशाली नागपूरहून निघाली होती. माझा आवाज ऐकल्यावर वहिनींनी हात पुढे केला आणि मला जवळ बसवलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "सगळे रडून राहिले, पन मले कोनी सांगून नाही राहिलं. कसे दिसून राहिले ते?"

मी रेफरी माणूस. माझं काम शिट्टी वाजवायचं, शब्दांचं नाही. पण मी सांगायला लागलो. अंगात पांढरा सदरा आहे, वैशालीने दिलेला. दाढी कोणीतरी नीट केली आहे, डाव्या गालावर थोडी राहिली. गळ्यावर स्वच्छ फडकं ठेवलं आहे. कपाळावरच्या आठ्या गेल्या आहेत. तोंड जरासं उघडं आहे. वहिनी मध्ये मध्ये विचारत होत्या, डोळे मिटले का, केस विंचरले का, उन्हात तर नाही ना ठेवलं. मी एकेकाचं उत्तर देत होतो. कोण आलं, कोणी हार घातला, झेंडूचा की गुलाबाचा, तेही सांगितलं. वैशाली आली, बापाच्या पायांवर तिने डोकं ठेवलं, ते सांगितलं. मग चौघांनी खांदा दिला. ते फाटकातून बाहेर पडेपर्यंत, रस्त्याने वळून दिसेनासे होईपर्यंत, मी वहिनींजवळ थांबून सांगत राहिलो.