हात लागला की दोन गुण

लहान मुलांच्या मल्लखांब स्पर्धेत आमच्याकडे एक नियम होता. मूल वर असताना त्याच्या शिक्षकाचा हात त्याला लागला की दोन गुण कापायचे. शिक्षक खालून काही बोलला तर एक. मोठ्या गटात शिक्षकाला जवळ उभंच राहू देत नसत. पण दुसरी-तिसरीतल्या पोरांच्या खाली कुणीतरी मोठं माणूस हवंच, म्हणून त्यांच्यापुरती ही सवलत, आणि सवलतीचा गैरफायदा नको म्हणून ही कापाकापी. या नियमापायी माझ्या शाळेतल्या मुलींचे गुण गेले आहेत, आणि पुढे परीक्षक झाल्यावर मी इतरांचे घालवले आहेत. तेव्हा त्याबद्दल चार शब्द बोलायचा मला अधिकार आहे.

स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. आमच्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. मी चौलच्या शाळेत बाई होते. मल्लखांब मला वडिलांनी शिकवला. ते तालमीत वस्ताद होते. माझ्या दोन्ही भावांना त्याची आवड नव्हती आणि मला होती, एवढंच. त्यामुळे शाळेत लागल्यावर मी हेडमास्तरांना सांगितलं, "मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवीन." ते म्हणाले, "पालक पाठवतील?" मी म्हटलं, "ते माझ्यावर सोडा."

शाळेमागच्या वाडीत आंब्याची एक आडवी, जाड फांदी होती. तिला दोर बांधायचा ठरला. बाजारातला दोर हाताला काचायचा. मग रेवदंड्याच्या एका कोळ्याने सुताचा जाड दोर वळून दिला. तो मचव्यावर तांडेल होता, म्हणजे होडीचा मुख्य. दोर खांद्यावर टाकून स्वतः आला, फांदीला बांधला, दोनदा लटकून बघितला आणि म्हणाला, "बाय, दोर तुटायचा न्हाय. आता माझी पोर पन घे."

त्याची पोर सात वर्षांची. अंगाने काटकुळी, पण पायाच्या बोटांत असली ताकद, की अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत दोर धरून ती सरसर वर जायची. वर गेल्यावर पायांनी दोराला विळखा घालायचा, त्याला अढी म्हणतात. अढी पक्की असली की दोन्ही हात सोडून उलटं लटकता येतं. ती उलटी लटकून खालच्या मुलींशी गप्पा मारायची. मी ओरडले की हसायची.

पहिल्या वर्षी आम्ही अलिबागच्या स्पर्धेला गेलो. परीक्षक मुंबईहून रेवसच्या लाँचने आले होते. त्यांत मुख्य एक म्हातारे वस्ताद होते, पांढऱ्या मिशांचे. त्यांच्यापुढे टेबलावर पितळेची घंटी होती. कुणाचा हात लागला की ते ती वाजवत.

आमची पोर शेवटच्या काही मुलींत होती. तिने अढी घातली, हात सोडले, उलटी झाली. आणि तिचा एक पाय दोरावरून थोडा सरकलेला मला दिसला. मी विचार केलाच नाही. माझा तळवा तिच्या पाठीला लागला. घंटी वाजली. तिने पाय नीट केला, उरलेले सगळे प्रकार करून दाखवले, इतके सुरेख की लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण दोन गुण गेले आणि पहिला नंबर दुसऱ्या शाळेला गेला.

परत येताना एस.टी.त हेडमास्तर म्हणाले, "बाई, हात जरा आखडता घेतला असता तर ढाल आपली होती."

"पोर पडली असती तर ढाल कुठे ठेवली असती?" मी विचारलं.

त्यांचं मी मनावर घेतलं नाही. मनाला लागलं ते पोरीचं. ती सगळा रस्ता माझ्याकडे पाठ करून बसली होती. रेवदंड्याला उतरताना एवढंच म्हणाली, "मी पडनार न्हवते."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. नंतरही आली नाही. शाळेच्या वर्गात येऊन बसे, पण दोराकडे फिरकत नसे. आठवडाभर वाट बघून मी तिच्या घरी गेले. अंगणात बोंबील वाळत घातले होते. आई जाळं शिवत होती, बाप दारात बसला होता. पोर मला बघून आत पळाली.

"बाय, मी काय बोलू?" बाप म्हणाला. "तू हात लावलास ते बरंच केलंस. पन तिला वाटतंय, बाईंनी लोकांच्या देखत मना कच्ची ठरवली."

मी दारातूनच तिला विचारलं, "काय केलं तर तू येशील?"

आतून उत्तर आलं, "हात पाठीमागं बांधून हुबं ऱ्हावा."

"ते मी करणार नाही," मी म्हटलं. "माझा हात पुढेच राहील. पण तू मागितलास तरच लागेल. पाय सुटतोय असं तुला वाटलं, तर तू हाक मार."

ती दारात आली. "आनि हाक न्हाय मारली तर?"

"तर मी गप्प उभी राहीन."

तिची आई जाळ्यातून मान वर करून बघू लागली. म्हणाली, "बाय, येवढीशी पोर. तिला काय कळतंय, कवा पडनार नि कवा न्हाय?"

"तेच तिला शिकवायचंय," मी म्हटलं. बोलून गेले खरी, पण घरी येताना दोराखाली वाळू किती लागेल याचा हिशेब करत होते.

वर्षभर आम्ही तेच केलं. दोराखाली रेवदंड्याच्या किनाऱ्यावरची वाळू जाड पसरली. ती वर चढे, मी हात पुढे करून खाली उभी राही. सुरुवातीला तिने मुद्दामच हाक मारली नाही आणि वाळूत पडली. मी हात लावला नाही. ती उठली, तोंडातली वाळू थुंकली, पुन्हा चढली. पुढे पुढे तिची हाक वेळेवर यायला लागली. मग हाका कमी झाल्या. दुसऱ्या मुलींनाही मी हीच सवय लावली. आपला पाय कुठे आहे, किती धरलेला आहे, हे त्या मी न विचारता मला सांगू लागल्या.

दुसऱ्या वर्षी स्पर्धा उरणला होती. मिठागरांच्या बाजूला शाळेचं पटांगण, वारा भरपूर. आयोजकांनी नवा कोरा दोर लावला होता. नवा दोर गुळगुळीत असतो. आधीच्या दोन मुली घसरत का खाली आल्या, ते आमची पोर चढायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं. पण आता बोललं तर गुण जाणार.

ती वर पोचली. अढी घातली, हात सोडले, उलटी झाली. तिचा पाय सरकताना मला स्पष्ट दिसला. माझा हात तिच्या पाठीपासून वीतभर लांब होता. मी तो तिथेच ठेवला. आयुष्यात दुसरं कुठलंही काम मला इतकं जड गेलेलं नाही.

"बाई, हात!"

सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल अशी तिने हाक दिली. मी तळवा टेकला. घंटी वाजली. तिने शांतपणे पाय काढून पुन्हा विळखा घातला, "सोडा" म्हणाली, मी हात काढला आणि तिने उरलेला खेळ पुरा केला.

परीक्षकांत कुजबुज झाली. त्यांतले एक तरुण गृहस्थ म्हणाले, "हात लागल्याचे दोन, आणि बोलल्याचा एक. तीन कापा."

पांढऱ्या मिशांचे वस्ताद म्हणाले, "शिक्षक बोलला तर एक. इथे पोर बोलली. पोरीने बोलू नये असं कुठे म्हटलंय? दोनच."

त्या वर्षी आम्हाला काहीच बक्षीस मिळालं नाही. पोर खाली आली ती घामाने ओली, पण चेहरा खुललेला. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आज पडनार व्हते, बाई. म्हून हाक मारली."

आज पडणार होते, हे जिला इतकं नेमकं कळतं, तिचं गेल्या वर्षीचं "पडनार न्हवते" हेही खरंच असणार. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मग? तवा पन खरंच सांगत व्हते." आणि खाऊसाठी लागलेल्या रांगेत जाऊन उभी राहिली.

पुढे काही वर्षांनी मला परीक्षक म्हणून बोलावू लागले. एकदा अलिबागला शिक्षकांची सभा होती. एका मास्तरांनी सूचना मांडली, की हात लागला तर त्या मुलाला सरळ बाद करावं, म्हणजे शिक्षकांना शिस्त लागेल. पुष्कळांनी माना डोलावल्या. मी उठले.

"बाद केलंत तर शिक्षक हात लावणारच नाही," मी म्हटलं. "पोर पडताना बघत उभा राहील, कारण सगळ्या शाळेचं वर्ष बुडेल. आणि गुण कापलेच नाहीत, तर तो पोराला बगलेत धरूनच सगळा खेळ करवील. दोन गुण बरोबर आहेत. जीव वाचवायला ते महाग नाहीत, आणि आळसासाठी स्वस्त नाहीत."

"पण बाई, पोरांना शिस्त?" मास्तर म्हणाले.

"पोरांना हाक मारायला शिकवा."

थोडी हुज्जत झाली. शेवटी नियम होता तसाच राहिला, फक्त मुलाने स्वतः हाक मारल्यास बोलण्याचा गुण कापू नये, हे त्यात नीट लिहून घेतलं. पांढऱ्या मिशांचे वस्ताद तोवर वारले होते. त्यांना ते आवडलं असतं.

आमची पोर मोठ्या गटात गेली, जिथे खाली कुणी उभं राहत नाही. आपल्याच शाळेच्या मुलीला गुण देता येत नसत, म्हणून मला कडेला, प्रेक्षकांत बसावं लागे. पहिल्याच वर्षी ती जिल्ह्यात पहिली आली. तिच्या बापाने सगळ्या मुलींना आणि मला मचव्यात घालून खाडीत फिरवून आणलं. त्या दिवशी वारा चांगला होता. सुकाण त्याने पोरीच्या हातात दिलं, आणि स्वतः डोलकाठीला टेकून ताणून दिली.