कातडी जाड असते म्हणाल्या

डॉक्टरांनी पेनाच्या टोकानं माझी हनुवटी वर केली. हात लावला नाही. शिकायला आलेल्या चौघांना म्हणाले, "हे बघा. मुरमांचे खड्डे. अस्वच्छ राहणीमान."

सकाळी दोनदा तोंड धुऊन मी तिसगावहून नगरला आले होते. आई शेजारी उभीच. तिला कुणी बस म्हटलं नाही.

मी तेवीस वर्षांची. साड्यांच्या दुकानात कामाला. मालकानं मला गिऱ्हाइकांसमोरून काढून मागं घड्या घालायला बसवलं होतं. "गिऱ्हाईक आधी तोंड बघतं," म्हणाला. म्हणून हा दवाखाना.

"गोळ्या आणि लेसर, दोन्ही बरोबर करू," असं डॉक्टरच म्हणाले. गोळ्या त्यांनीच लिहून दिल्या. दोन महिन्यांत मुरमं बसली, पण ओठ फाटले. गालांची सालं निघायला लागली.

लेसरच्या दिवशी मशीनवरच्या मॅडमना मी म्हणाले, "गोळ्यांनी कातडं लई नाजूक झालंय. जरा कमी ठेवा."

त्यांनी फाईलवरचं माझं आडनाव वाचलं. मग माझा रंग बघितला.

"तुमच्या लोकांची कातडी जाड असते. सोसतं."

मशीन गालावरून फिरलं. करपल्याचा वास आला. माझाच. मी दोनदा "थांबा" म्हणाले. थांबल्या नाहीत.

आठ दिवसांत दोन्ही गालांवर काळे चौकोन उमटले. खड्डे होते तिथंच.

परत गेलो. डॉक्टरांनी एक इंग्रजी कागद पुढं सरकवला. "इथं सही कर. मग पुढची ट्रीटमेंट बघू."

मी बारावी झालेली. बोट ठेवून वाचलं. लिहिलं होतं, गोळ्या चालू असल्याचं पेशंटनं लपवलं.

"गोळ्या तर तुमीच दिल्या," मी म्हणाले.

"वाद घालू नकोस. सही कर, नाहीतर दुसरीकडं जा."

आईनं माझा दंड धरला. "कर गं बाय. मोठी मान्सं हायेत. आपल्याला कोन इचारतंय?"

मला डॉक्टरांपेक्षा तिचीच जास्त चीड आली. मग तिचा हात कापतोय हे कळलं. असं किती जणांपुढं कापला असेल हा हात. माझी भीती तिथंच संपली.

मोबाईल काढून मी त्या कागदाचा फोटो घेतला.

"डिलीट कर तो!" डॉक्टर उभे राहिले.

"न्हाई करनार."

सही न करता कागद तसाच टेबलावर ठेवून मी आईला घेऊन बाहेर पडले.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डाग फिके होतील, सगळे जाणार नाहीत. मशीन इतकं वाढवायला नको होतं, हेही त्यांनी लिहून दिलं. ते, गोळ्यांची चिठ्ठी, कागदाचा फोटो जोडून मी सरकारी आरोग्य खात्याकडं तक्रार केली. दोन पानं, मराठीत. मॅडमचं ते वाक्य जसंच्या तसं.

आता चौकशीला बोलावलंय. आई म्हणते, ओढणी बांधून जा. नाही बांधणार. डॉक्टरांना काय सांगायचं ते या गालांकडं बघून सांगावं लागेल.