दोन मोठे, लहान नाही

आम्हा नवरा-बायकोला मूल नाही आणि आम्हाला उंच पाळण्यात बसायला आवडतं. यातली पहिली गोष्ट नातेवाइकांनी केव्हाच पचवली. दुसरी आम्ही त्यांना कधी कळूच दिली नाही. मूल नसलेल्या जोडप्यानं सुट्टी कशी घालवावी याबद्दल लोकांची मतं पक्की असतात. देवदर्शन करावं, गच्चीत कुंड्या लावाव्यात, भाचरांचे लाड करावेत. पंचेचाळिशी उलटलेल्या बाईनं पाण्याच्या घसरगुंडीवरून किंचाळत खाली यावं, हे त्यात कुठं बसत नाही.

म्हणून आम्ही नऊ वर्षं भाचीचे लाड केले. माझा भाऊ लासूर स्टेशनला असतो, बाजार समितीत त्याचं अडतीचं दुकान आहे. मे महिना लागला की मी त्याला फोन करायची, पोरीला दोन दिवस पाठवून दे, जरा फिरवून आणतो. भावजय सगळ्यांना सांगायची की आत्याची फार माया आहे. उस्मानपुऱ्यात आमच्या अपार्टमेंटमधून भाचीचा हात धरून आम्ही निघालो की शेजारणी गॅलरीतून कौतुकानं बघायच्या. शहराबाहेरच्या एका वॉटर पार्कात पोचलो की आम्ही तिला मध्ये बसवून एकेक पाळणा करायचो. पाळणा वर गेला की ती डोळे गच्च मिटून घ्यायची. आम्हाला वाटायचं, मजा वाटते म्हणून.

गेल्या वर्षी ती दहावीत गेली. नेहमीसारखा मी फोन केला तर तो तिनंच उचलला आणि म्हणाली, "आत्या, राग मानू नको. मला त्या पाळण्यांची पहिल्यापासून भीती वाटते. तुला आणि आतोबांना लई आवडतं म्हणून मी यायचे."

मी हे नवऱ्याला सांगितलं. तो ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, कुठलीही गोष्ट ऐकली की आधी तिचा अर्थ लावत बसतो. पंख्याकडे बघत तो म्हणाला, "म्हणजे नऊ वर्षं तीच आपल्याला फिरवत होती."

पुढचा आठवडा आम्ही दुसरं मूल शोधण्यात घालवला. खालच्या मजल्यावरची जुळी होती, पण त्यांची आई बरोबर आली असती आणि मग आम्हाला खाली उभं राहून हात हलवावे लागले असते. नवऱ्याच्या मित्राची मुलगी होती, तिला उलट्या व्हायच्या. शेवटी एका रात्री जेवताना नवरा म्हणाला की आपण दोघंच जाऊ. चोरी करायला जाऊ म्हणावं, असा त्याचा आवाज होता.

बुधवारी गेलो. गर्दी कमी असेल हा हिशेब. तिकिटाच्या खिडकीतल्या माणसानं विचारलं, मोठे किती? दोन. लहान किती? नाही. त्यानं मान बाहेर काढून आमच्या मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं. त्यानं तिकिटं दिली, पण आपण काहीतरी विसरून आलोय असं मलाच वाटायला लागलं.

पाण्यात उतरायचं तर नायलॉनचे कपडे लागतात. ते तिथं भाड्यानं मिळतात. मला मिळालेल्या अंगरख्यावर एक भला मोठा हसरा मासा होता, नवऱ्याची चड्डी गुडघ्याच्या खाली पोचत होती. लाटांच्या तलावाशेजारी पत्र्याची शेड आहे, तिथं चपला काढायला गेलो तर एक म्हातारी बाई बसलेली. साठी-पासष्टीची असेल. नऊवारी, डोक्यावर पदर, भोवती दहा-बारा जोड चपला, पिशव्या आणि मोबाईलांनी भरलेली एक प्लास्टिकची थैली. मावशी बिडकीनकडच्या होत्या. बोलता बोलता कळलं, घरची मेंढरं आता वीसेकच राहिलेली, दोन्ही मुलं तिकडच्या कंपनीत कामाला. दोन मुलं, सुना, पाच नातवंडं, सगळे पाण्यात होते आणि या चपला राखत होत्या. आमच्याही ठेवा म्हणाल्या. मग साहजिक प्रश्न आला, लेकरं कुठंयत.

"पाण्यात आहेत," नवरा म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. मावशींनी विचारलं, किती? दोन, तो म्हणाला. मोठी दहावीत, धाकटा सातवीत. प्रयोगाच्या वहीत एक आकडा मनानं घातला तर मुलांना अख्खा प्रयोग परत करायला लावणारा हा माणूस एका दमात इतकं बोलून गेला.

थोडं पुढं गेल्यावर मी त्याला विचारलं की खोटंच बोलायचं होतं तर एक मूल पुरलं असतं, दोन कशाला. तो म्हणाला, एक म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, एकच का.

आम्ही घसरगुंडीवर गेलो, मग जहाजासारख्या त्या मोठ्या पाळण्यात दोनदा बसलो. भाची मध्ये नसल्यामुळं पहिल्यांदाच एकमेकांचा हात धरता आला. खरं सांगायचं तर इतकी मजा त्या नऊ वर्षांत आली नव्हती.

पाणी प्यायला शेडमध्ये आलो तर मावशींनी विचारलं, लेकरं जेवली का. बाहेरचं खाणं आत आणायला मनाई होती, पण त्यांनी टॉवेलात गुंडाळून भाकरी आणल्या होत्या, वर ठेचा. त्यातल्या दोन त्यांनी आमच्या मुलांसाठी बाजूला काढून ठेवल्या. नवरा म्हणाला, येतीलच आता. तासाभरानं परत आलो तेव्हा त्या उभ्या होत्या. म्हणाल्या, तुम्ही दोघं सकाळपासून पाळण्यात बसताय, लेकरांकडं एकदा बी बघितलं नाय, मला काय बरं दिसत नाय हे. आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी गळ्यात शिट्टी अडकवलेल्या गार्डला हाक मारून आणलं.

गार्ड कामाचा माणूस होता. वय विचारलं, कपडे विचारले. खरं सांगायची हीच वेळ होती, पण नवरा म्हणाला, मुलाचा टी-शर्ट निळा आहे. गार्डनं शिट्टी वाजवून लाटांचं मशीन बंद करायला लावलं. तलाव एकदम शांत झाला आणि त्यातली शे-दीडशे माणसं आमच्याकडे बघायला लागली. निळ्या कपड्यातली चार मुलं काठाशी आणून उभी केली. यातला तुमचा कोण ते ओळखा, असं गार्ड म्हणाला. एका क्षणी नवरा त्यांच्याकडे खरोखरच निरखून बघायला लागला, तेव्हा मात्र मला भीती वाटली.

"दादा, थांबा," मी म्हणाले. "आमची मुलं नाहीत."

"तेच ना. कधीपासून दिसत नाहीत?"

"पहिल्यापासून."

गार्डला समजायला वेळ लागला. समजल्यावर तो रागावला नाही, फक्त विचारलं की मग तुमच्याबरोबर कोण आलंय. मी म्हणाले, आम्हीच. त्यानं माझ्या अंगावरच्या माशाकडे बघितलं, शिट्टी वाजवली आणि लाटा परत सुरू झाल्या. निळ्या कपड्यातली मुलं हिरमुसून पाण्यात गेली, कुणाला तरी आपण सापडलो असतो तर त्यांना बहुधा आवडलं असतं.

मावशी मात्र नीट लावलेल्या चपलाच पुन्हा लावत बसल्या. नवऱ्यानं माफी मागितली. मग त्या म्हणाल्या, "नाय तर नाय म्हणायचं. लेकरं नाय म्हणून मी तुमच्या चपला फेकून देणार व्हते का?"

मग त्या दोन भाकरी त्यांनी आमच्यापुढं सरकवल्या. आम्ही मान खाली घालून खाल्ल्या. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं ते एक बरं झालं. खाणं होईस्तोवर त्या आमच्याकडे बघत होत्या. लेकरं नाहीत तर तुम्ही कशापायी आलात, असं त्यांनी विचारलं. आवडतं म्हणून, मी म्हणाले. हे वाक्य मी परक्या माणसापुढं पहिल्यांदाच बोलले आणि ते ऐकायला फारच साधं वाटलं.

मावशी जहाजाकडे बघत होत्या. "पोटात गोळा येतो का?"

"येतो."

"मला बघायचाय," त्या म्हणाल्या. मुलांनी सकाळीच सांगितलं होतं की आई, तुला ते जमायचं नाही, तू बस इथं.

नवऱ्याला चपलांपाशी बसवून आम्ही दोघी गेलो. त्यांनी पदर कमरेला खोचला, दांडी दोन्ही हातांनी धरली. जहाज वर गेलं, खाली आलं, मी ओरडले. त्यांच्या तोंडून शब्द नाही. मला वाटलं, घाबरल्या. बघितलं तर डोळे सताड उघडे, मान वळवून सगळीकडे बघत होत्या. उतरल्यावर म्हणाल्या, त्यांना वाटलं होतं इतक्या उंचावरून गावाकडचं रान दिसंल, पण नुसतं छपरांचं पत्रंच दिसलं.

खाली त्यांचा थोरला मुलगा उभा होता. तो आईला काहीच बोलला नाही, मला बोलला. ताई, तुम्हाला लेकरं-बाळं नाहीत, तुम्हाला घरच्या माणसाची काळजी कशी कळणार, असं काहीसं. मला लागलं, पण मी उत्तर द्यायच्या आत मावशी म्हणाल्या की मला कुणी नेलं नाय, मीच गेले, आणि शेडकडे निघून गेल्या.

तासाभरानं तोच मुलगा आम्हाला शोधत आला. आई बोलत नाही म्हणाला, जेवतही नाही, परत जहाजात बसायचं म्हणते. मग तुम्ही न्या, मी जरा तोऱ्यातच म्हणाले. तो इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला की त्याला स्वतःला चक्कर येते. बायकोला माहीत नाही, सांगू नका.

मग आम्ही तिघं गेलो. मावशी मध्ये, मी आणि नवरा दोन्हीकडं. चार वेळा बसलो. तिसऱ्या खेपेला त्या पहिल्यांदा ओरडल्या आणि लगेच तोंडावर पदर धरून हसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझी मान वळत नव्हती. टेबलासमोरच्या मॅडमनी काय झालं विचारलं. खरं सांगायला माझी काहीच हरकत नव्हती, कालच तर एवढ्या लोकांपुढं सांगून झालं होतं. मी त्यांना म्हणाले, काल रजा घेतली होती ना, माळा आवरायला काढला होता.

त्या म्हणाल्या, आता आपलं वय राहिलं का चढ-उतार करायचं. मी व्हय म्हणाले आणि बाम लावून घेतला.