उतरायची परवानगी नव्हती

विमान डोक्यावरून गेलं की मला तो तपास आठवतो, आणि पनवेलमध्ये आता विमानं डोक्यावरून जातातच. तेव्हा आमच्याकडचा विमानतळ सुरू व्हायचा होता. माझी निवृत्ती जवळ आली होती आणि मी शहरातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. नावं कुणाचीच लिहीत नाही, ज्या देशात ते प्रकरण घडलं त्याचंही नाही.

सकाळची हजेरी आटोपून हवालदारांना कामं वाटत होतो. तेवढ्यात बाजारात अत्तराचं दुकान चालवणारे एक चाचा आत आले. शांतता समितीच्या बैठकीला हमखास येणारा, हसतमुख माणूस. त्या दिवशी खुर्ची दिली तरी बसेनात.

"साहेब, माझी मुलगी तिकडे कोठडीत आहे. बॅगेत गोळ्या सापडल्या म्हणतात. तिकडे बंदी आहे त्या गोळ्यांना."

मुलगी नर्स. परदेशात नोकरी लागली म्हणून पहिल्यांदाच निघालेली. तिथल्या विमानतळावर उतरताच कस्टमवाल्यांनी पकडली. घरी एक फोन करू दिला, तोही अर्ध्यात तुटला. "अब्बा, ती माझी चीज नव्हती, अमानत होती," एवढंच ती बोलू शकली.

मला याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. इथल्या कोकणी मुसलमानांच्या मोहल्ल्यात कुणी परदेशी निघालं की शेजारपाजारचे त्याच्या हाती आपापल्या माणसांसाठी पुडकी देतात. सुकट, मसाला, लोणचं, काहीही. ती असते अमानत. ती उघडून बघणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणणं. त्या पोरीला कस्टमवाल्यांनी विचारलं, सगळं सामान तुझंच का? तिने शिरस्त्याप्रमाणे हो म्हटलं आणि तिथेच अडकली.

"पण कुणाची अमानत?" मी विचारलं.

"तेच तर कळत नाही. बॅग मी स्वतः भरली, त्यात हे पुडकं नव्हतं. मोहल्ल्यात घरोघर फिरलो. अल्लाची कसम खाऊन सांगतात, आम्ही काही दिलं नाही. तिकडे वकील केलाय, पण त्यालाही तिला भेटू देत नाहीत. देणारा सापडला तर सुटेल हो ती, तो म्हणतो."

ठाणे अंमलदार हळूच माझ्या कानाशी आला. "साहेब, गुन्हा परदेशात घडलाय. आपली हद्द नाही."

"पुडकं कुणाच्या हद्दीतून निघालं ते आधी बघू," मी म्हटलं. अर्ज घेतला आणि डायरीला नोंद करायला लावली.

तिकडच्या वकिलाने गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो पाठवला होता. दुखण्यावरच्या कडक गोळ्या, आपल्याकडे डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या. फोटो औषधांच्या दुकानांतून फिरवला, तेव्हा कळंबोलीतल्या एका दुकानदाराचा फोन आला. एक मुलगा चिठ्ठी आणून या गोळ्या नियमित नेतो, विमान कंपनीच्या गणवेशात असतो, असं त्याने सांगितलं.

मुलगा लगेच सापडला. विमानतळासाठी उठवलेल्या एका गावातला. गाव गेलं, पुनर्वसनाचा प्लॉट मिळाला, आणि पोरगा शिकून विमानात हवाई कर्मचारी झाला. मुलगी गेली त्याच विमानात त्याची ड्युटी होती. मला वाटलं, झालं काम.

समोर बसला तो इस्त्रीच्या कपड्यांत, ताठ. प्रत्येक वाक्याला 'सर'. इतका गोड बोलणारा माणूस समोर आला की माझं डोकं उगाच तापतं. गोळ्या नेतो हे त्याने झटकन कबूल केलं. मोठा भाऊ त्या देशात बंदरावर क्रेन चालवतो, पडून त्याचा मणका दुखावलाय, हे औषध त्याचं.

"पण सर, गेले कित्येक महिने मी त्या शहरात पाऊल ठेवलेलं नाही. दोन्ही देशांचं बिनसलंय. त्यांनी आम्हा क्रूचे व्हिसा बंद केलेत. पूर्वी आम्ही तिथे हॉटेलात मुक्काम करायचो, मी भावाला भेटायचो. आता प्रवासी उतरतात, आम्ही आतच बसून राहतो आणि त्याच विमानाने परत येतो. परतीसाठी दुसरा क्रू इथूनच बसवून न्यावा लागतो. म्हणून तर फेऱ्याही कमी झाल्यात. मग मी गोळ्या नेणार कशा?"

विमान कंपनीकडे खातरजमा केली. शब्द न् शब्द खरा होता. मी त्याला जाऊ दिलं आणि चाचांना सांगितलं, धागा तुटला. त्यांनी मला सलाम केला आणि ते दुकानाकडे निघाले. त्यांचा तो सलाम मला फार लागला.

चौकशी बंद करण्याआधी घरच्यांचे जबाब घ्यावे लागतात, म्हणून मी त्या मुलाच्या घरी गेलो. आई ओसरीवर सुकट निवडत होती. नर्सचं प्रकरण तिच्या कानावरही नव्हतं. थोरल्याची तब्येत विचारली तशी ती भडाभडा बोलायला लागली.

"तलमलतंय ओ पोरगं. कंपनीला सांगलं तर घरी धाडतील, म्हनून दुखनं लपवून काम करतंय. आदी ह्यो धाकटा सोता औशद देऊन यायचा. आता याला इमानातून उतरू देत नाय ना! मंग कोन पनवेलचा इमानात भेटला का त्याच्या हाती देतो. आमी काय करनार?"

धाकटा माझ्यासाठी पाणी घेऊन तिच्या मागेच उभा होता. त्याने तांब्या माझ्यापुढे न करता तिथेच खाली ठेवला. उतरता येत नाही हा त्याचा बचाव मी निमूट मान्य केला होता, आणि सगळं घडलं होतं ते त्याला उतरता येत नव्हतं म्हणूनच!

ठाण्यात आल्यावर तो फुटला. विमानात मुलीशी बोलताना पनवेलची ओळख निघाली. भावाचं दुखणं सांगून त्याने पुडकं तिच्या पर्समध्ये दिलं. भाऊ बाहेर वाट बघत थांबला होता. ती बाहेर आली नाही, तिला पकडून नेलं, हे बाहेर पडलेल्या प्रवाशांकडून कळताच भावाने फोनवर सांगितलं, तेव्हा विमान तिथेच उभं होतं.

"मी दारातच होतो सर. तिथून इमारत दिसत होती. खाली उतरायची परवानगी नव्हती."

"आणि इथे परत आल्यावर? तोंड उघडायलाही व्हिसा लागतो का रे?"

तो ओक्साबोक्शी रडायला लागला. नोकरी जाईल, भाऊही आत जाईल, म्हणून गप्प बसलो म्हणाला. मला त्याची कीव आली आणि चीडही आली. पोलिसांसमोरच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते, म्हणून दंडाधिकाऱ्यांपुढे त्याचा जबाब नोंदवून घेतला. भाषांतर, शिक्के, सगळं रीतसर करून वर पाठवलं. चाचांनी ठाण्यात पेढे वाटले. मीही खाल्ला.

तो कागद तिथे पोचून निजला. आपल्या वकिलातीचा शिक्का असल्याशिवाय तिकडचं कोर्ट तो बघेना, आणि दोन्ही देशांनी एकमेकांचे अधिकारी परत पाठवले होते. शिक्का मारायला माणूसच नव्हता. तिकडचा वकील म्हणाला, मग देणाऱ्यालाच कोर्टात उभा करा.

तोवर त्या पोराची नोकरी गेली होती. भाऊही औषधाविना टिकला नाही, कंपनीने त्याला घरी पाठवलं आणि त्याने अंथरूण धरलं. धाकटा ठाण्यात आला. दाढी वाढलेली, 'सर' कुठल्या कुठे पळालेलं. "साहेब, मी जातो. तिथे उभा राहून सांगतो, माझं होतं ते. मला आत टाकू देत."

आम्ही परवानग्या मिळवल्या, त्याने अर्ज केला. व्हिसा नाकारला. पुन्हा केला, पुन्हा नाकारला. गुन्हा कबूल करायला निघालेल्या माणसालाही त्या देशाचं दार बंद होतं. आयुष्यभर मी पळणाऱ्यांना पकडून आणलं, पण स्वतःहून हजर होऊ पाहणाऱ्याला हजर करता येत नाही, हे पहिल्यांदाच पाहिलं.

मुलीने पुरी शिक्षा भोगली. ती परतली तेव्हा मी निवृत्त झालो होतो. भेटायला गेलो. चाचा एकदम म्हातारे दिसत होते. मुलगी चहा घेऊन आली आणि समोर बसली. त्या पोराबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही.

"साहेब, मी आले त्या विमानातले कर्मचारी तिकडच्या हॉटेलातल्या मुक्कामाच्या गोष्टी करत होते," ती म्हणाली. "भांडण मिटलं वाटतं?"

"मिटलं," मी म्हटलं. दोन्हीकडचे मंत्री हात मिळवतानाचा फोटो मी पेपरात पाहिला होता. फेऱ्याही पूर्ववत झाल्या होत्या.

"कशावरून होतं ते?"

मी आठवायला लागलो. इतके महिने त्या भांडणाच्या बातम्या रोज वाचल्या होत्या. चाचांकडे पाहिलं. त्यांनीही नकारार्थी मान हलवली. आम्हा दोघांनाही सांगता आलं नाही.