कुमुदने मारलेली शर्यत

कामोठ्याच्या मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. लाल, उघड्या टपाच्या दोन सीटांच्या गाडीपुढे चौऱ्याहत्तर वर्षांची कुमुद उभी राहिली आणि तिचं डोकं तापलं. पाटीवर लिहिलं होतं, 'विजेता चालक : कमलाकर कर्णिक, १९७३.'

कमलाकर तिचा थोरला भाऊ. पनवेलला त्यांच्या वडिलांचं गॅरेज होतं. गाड्यांचं वेड दोघा भावंडांना होतं, पण शर्यतीत बायकांना प्रवेश नव्हता. म्हणून नाव दिलं ते कमलाकरचं. आदल्या दिवशी त्याला सणकून ताप भरला. वडील कुमुदला म्हणाले, "हेल्मेट घाल आणि तोंड उघडू नकोस." एका बंद विमानतळाच्या पडक्या धावपट्टीवर तिने वीस फेऱ्या मारल्या आणि अकरा पुरुषांना मागे टाकलं. कप मात्र आठवड्याने दादाने घेतला. "कळलं तर निकाल रद्द करतील," तो म्हणाला. तेव्हा तिला ते पटलं होतं.

पुढे शर्यत भरवणारा क्लब बंद पडला, वडील गेले. दादा मात्र प्रत्येक लग्नकार्यात 'मी कशी मारली शर्यत' सांगत राहिला, आणि कुमुद त्याच पंगतीत वाढत ते ऐकत राहिली.

आज तो सत्काराची शाल पांघरून पहिल्या रांगेत बसला होता. गाडीचा आताचा मालक धनेश, रोडपालीचा, मोठ्या हौसेने पुढे आला. "काका, हिचा तिसरा गिअर तुमी कसा सांभाळला? वळणावर निसटतोच. हे दुखणं पयल्यापासूनचं हाय म्हणतात."

"हलक्या हाताने टाकायचा," कमलाकर म्हणाला.

"हलक्या हाताने टाकलास तर बाहेरच येणार," मागून कुमुद म्हणाली. "वळण संपेपर्यंत दांडा डाव्या गुडघ्याने दाबून धरायचा. माझा गुडघा आठवडाभर काळानिळा होता."

धनेशने तिथल्या तिथे मैदानाला चक्कर मारली. गिअर निसटला नाही. उतरून त्याने विचारलं, "मावशी, गाडी चालवली कोणी व्हती?"

"मी."

"शेजारी बसायची ती कधीमधी," कमलाकर हसून म्हणाला. "ऐकलेलं आठवतंय तिला."

त्या हसण्याने कुमुदच्या अंगाची लाही झाली. "तू घरी गोधडीत कुडकुडत होतास. सांग, किती फेऱ्या होत्या?"

तो हळूच म्हणाला, "आता या वयात कशाला, कुमे?"

"मग कुठल्या वयात? दुसरं कुठून आणू?"

धनेश कमलाकरच्या खांद्यावरची शाल काढायला वाकला, तशी कुमुद कडाडली, "त्याची उतरवून मला घालू नका. पाटी तेवढी बदला."

पाटी त्याच संध्याकाळी बदलली. भाऊबीजेला दादाचा फोन आला. सून वल्लरी म्हणाली, "आई, मामा ओवाळायला बोलवत असतील. एवढं काय ते मनात धरून बसायचं?"

"मला नाही जायचं," कुमुद म्हणाली. फोन वाजून वाजून बंद पडला, आणि तिचा राग तिळभरही उतरला नव्हता.