स्कॉटलंडच्या ट्राउटसाठी कोरेगाव ते सांगली

स्कॉटलंडला मासे धरायला जायचं म्हणून मी कोरेगावहून सकाळच्या एसटीत बसलो आणि साताऱ्याला उतरलो. पुढच्या चार दिवसांत मला जो वैताग आला, तो फौजेतल्या सगळ्या नोकरीत आला नव्हता.

फाळणीच्या आधी आमची पलटण काश्मिरात असताना एका गोऱ्या कप्तानाने मला आणि सांगलीच्या यशवंत पाटलाला एक विद्या शिकवली. आमिष लावायचं नाही. गळाला पिसं आणि रेशीम गुंडाळून खोटी माशी बांधायची आणि लवचीक काठीने ती वाहत्या पाण्यावर अलगद उतरवायची. ट्राउट मासा फसून तिच्यावर झेप घेतो. कप्तानसाहेब आता म्हातारे झाले आहेत. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं, तिकिटांची सोयही केली. ‘पुढच्या वर्षी मी पाण्यात उभा राहू शकेन की नाही, सांगता येत नाही,’ असं लिहिलं. यशवंताला मी दोन वर्षांत तीन पत्रं टाकली. एकाचंही उत्तर नाही.

एसटीत शेजारच्या म्हातारीने विचारलं, “कुठं निघालासा?” मी सांगितलं.

“आवं, मासं धराय इलायतेला? कृष्णंतलं मासं काय पळून गेल्यात व्हय?”

धरलेला मासा साहेब परत पाण्यात सोडतात, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

साताऱ्याच्या कचेरीतल्या कारकुनाने पासपोर्टचा अर्ज दोन बोटांनी उचलला आणि शाळेचा दाखला मागितला. शाळा वाईची, कारण मी मामांकडे शिकलो. वाईला पोचलो तर दाखल्यांच्या कपाटाची किल्ली घेऊन हेडमास्तर पुण्याला गेलेले. उरलेला दिवस घाटावर पाय पाण्यात सोडून काढला. दुसऱ्या दिवशी दाखला मिळाला, तो घेऊन पुन्हा साताऱ्याला आलो.

कारकुनाने दाखला आणि माझं फौजेचं पुस्तक शेजारी शेजारी ठेवलं. “सुभेदारसाहेब, तुम्ही दोनदा जन्मलात.”

“भरतीच्या वेळी मीच वय दोन वर्षांनी वाढवून सांगितलं होतं.”

“मग तसं प्रतिज्ञापत्र करून आणा.”

“हे कालच का सांगितलं नाहीत?”

“काल तुमची एकच तारीख होती,” तो शांतपणे म्हणाला.

चूक माझीच होती, त्यामुळे ओरडताही येईना. प्रतिज्ञापत्र करून अर्ज देण्यात आणखी एक दिवस गेला.

सांगलीला पोचलो तो यशवंतावर सगळा राग काढायचा असं ठरवूनच. तो ओट्यावर बसला होता. बायको वारलेली, मुलगा पलटणीत; घरात हा एकटाच. मी समोर जाऊन उभा राहिलो तरी त्याने ओळख दिली नाही.

“तीन पत्रं टाकली. एक ओळ खरडायला काय झालं होतं?” मी म्हणालो.

आवाजावरून त्याने मान वळवली. “सुभेदार, तुमी व्हय?” मग म्हणाला, “डोळं गेलं गड्या. काचबिंदू म्हणत्यात.”

“कवा?” माझ्या तोंडून गावचीच बोली आली.

“दोन वर्सं झाली. सांजच्या उजेडागत काय तरी दिसतंय, बाकी न्हाई.”

माझी तिन्ही पत्रं कोनाड्यात न फोडलेली पडली होती. शेजारणीकडून वाचून घेता आली असती. पण आपल्याला दिसत नाही हे गल्लीत कळू नये, म्हणून हा गप्प राहिला होता.

त्याने भडंग (चुरमुऱ्यांचा तिखट चिवडा) पुढे केलं. मी साहेबांचं पत्र वाचून दाखवलं. वाचताना वाटलं, आपण हे काय करतोय. या खेळातली सगळी मजा मासा झेप घेताना बघण्यात.

“जमंल का रं तुला?” मी विचारलं.

“मासा लागला तर हाताला कळंल की,” तो म्हणाला. “पाण्यावर काय चाललंय ते तेवढं तुमी बोलत ऱ्हावा. पलटणीत लय बोलायचासा.”

आम्ही त्याच्या पासपोर्टसाठी फोटो काढायला गेलो. फोटोवाला सारखा “इकडे बघा” म्हणत होता, यशवंत दिव्याच्या उबेकडे बघत होता. शेवटी मीच त्याची हनुवटी धरून वळवली. मग साताऱ्याहून त्याच्यासाठी आणलेला अर्ज भरला आणि सहीच्या जागेवर त्याचं बोट टेकवून दिलं. त्याने सावकाश, मन लावून सही केली.

परतीच्या गाडीत मी अर्ज उघडून बघितला. सही चौकटीतून निघून तिरपी खाली उतरली होती आणि वडिलांच्या नावावरून गेली होती. हा अर्ज कारकून हातातही धरणार नव्हता. नवा अर्ज आणायचा, पुन्हा सांगली गाठायची.

चार दिवस मी सगळ्या कचेऱ्यांवर चिडलो होतो. दोन वर्षं ज्याच्यावर रुसून बसलो, त्याच्या घरी मात्र एकदाही गेलो नव्हतो. आणि गाडीने जेमतेम अर्ध्या दिवसाचं अंतर.

कोरेगावला घरात शिरताच बायकोने विचारलं, “झालं काम?”

“नाही,” मी म्हणालो. “सोमवारी परत सांगलीला जायचंय.”

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. या खेपेला मी कुणालाच शिव्या दिल्या नव्हत्या.