बाराचा डोस वावरात

"आता केमोथेरपीने त्रासच वाढेल," डॉक्टर म्हणाले. तुमच्या आजोबांनी लगेच विचारलं, "म्हंजे मले घरी जाता येईल ना?"

मुलांनो, कॅन्सर मणक्यात पसरला होता. डॉक्टरांनी 'पॅलिएटिव्ह केअर' सुचवली. म्हणजे आजार बरा होणार नसला तरी माणसाचा त्रास कमी करायचा. ती घरीही मिळते. मग नालवाडीच्या आपल्या घरी सुनीताताई येऊ लागल्या. त्या नर्स. डॉक्टर, औषधं, ड्रेसिंग या सगळ्याचा मेळ एकटीने घालायचा, हे त्यांचं काम. त्याला 'केस मॅनेजमेंट' म्हणतात.

मी शाळेत शिकवलेली, त्यामुळे माझी वही चोख होती. ताप, जेवण, लघवी, सगळं वेळेसकट. मॉर्फिनच्या, म्हणजे दुखणं शमवणाऱ्या गोळीच्या रकान्यात मात्र बहुतेक रेघाच, गोळी न दिल्याच्या. सवय लागेल या धास्तीने मी दर वेळी आधी विचारायचे, "दुखतंय का?" आजोबा म्हणायचे, "नाई." रात्रभर कूस मात्र बदलत राहायचे.

सुनीताताईंनी वही चाळली आणि थेट त्यांनाच विचारलं, "काकाजी, दुखते तरी नाई काऊन म्हणता?"

"हिचं तोंड पाहून. गोळी काढताना हिचा हात कापते. जसं काई मले जहरच देऊन राह्यली!"

सुनीताताई म्हणाल्या, "काकू, दुखाची वाट नाई पाहाची. घड्याळ पाहून द्या, चार-चार तासांनी. डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. त्यानं व्यसन नाई लागत. पोट साफ व्हायचं औषध मात्र चुकवू नका." मग आजोबांकडे वळून, "अन् तुम्हाले काय पाहिजे?"

"पवनारच्या वावरात सीतादही."

कापसाच्या पहिल्या वेचणीला वावरात, म्हणजे शेतात, दहीभात ठेवतात, ती सीतादही. वेचणी आठ दिवसांवर होती. माझ्या वहीत या प्रश्नाला रकानाच नव्हता.

सुनीताताईंनी डॉक्टरांना फोन करून डोस ठरवून घेतला, मध्येच कळ आली तर द्यायची जादा गोळी पुडीत बांधून दिली, ऑटोवाल्याला खड्डे चुकवायला बजावलं. आठचा डोस घेऊन आम्ही निघालो. गादीवर टेकून आजोबांनी पांढरं वावर डोळे भरून पाहिलं, वेचणाऱ्या बायकांच्या ओट्यांतला कापूस चिमटीत धरून पाहिला, दोन घास दहीभात खाल्ला. मी बायकांशी बोलण्यात रमले होते.

"मास्तरीणबाई, बारा वाजले. गोळी कुठी हाय?" आजोबांनीच आठवण केली.

या वेळी माझा हात कापला नाही.

ते संक्रांतीनंतर गेले. घरीच, शांत झोपेत. सुनीताताईंचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्या घरी कोणी आजारी पडलं तर ताप जरूर लिहून ठेवा. पण काय हवंय तेही विचारा. आणि उत्तर देण्याआधी ते माणूस तुमच्या तोंडाकडे बघतंय का, तेवढं बघा.